अर्धा फेरा मागे

माणूस हा विवेकी प्राणी आहे. हिंसेचा मार्ग पत्करण्याआधी त्याच्या अंतर्यामी प्रदीर्घ द्वंद्व चालतं, क्रोध आणि सदसद्विवेक एकमेकांसमोर उभे ठाकतात, आणि मगच त्याचा हात उठतो. मंगळवारी दुपारी दोन वाजता थोरल्याच्या अंतर्यामीही असंच द्वंद्व झालं. बत्तीसचा पाना घ्यावा की छत्तीसचा, असा प्रश्न होता. छत्तीसचा जास्त जड होता, पण पलीकडच्या खिळ्यावर टांगलेला. बत्तीसचा हाताशी होता. विवेकाने बत्तीसच्या बाजूने कौल दिला आणि थोरल्याने तो आपल्या साडूच्या डोक्यात हाणला.

निदान नेम तरी डोक्याचा होता. पण फेरीबोटीच्या इंजिनखोलीचं छत इतकं ठेंगणं असतं की तिथे कुठलीच गोष्ट मनासारखी उगारता येत नाही. पाना आधी वरच्या पाइपला लागला आणि तिथून घसरून धाकट्याच्या खांद्यावर आला. हाड वाजलं. धाकटा कळवळून पुढे वाकला, वाकल्यावर त्याच्या तोंडासमोर थोरल्याचं मनगट आलं, आणि ते त्याने कडकडून चावलं.

"सोड! अरे कुत्र्या, सोड!"

धाकट्याने सोडलं, ते बोलण्यासाठी. "एक्क्याण्णववर आणून ठेवलंस इंजिन! आणि वर मलाच मारतोस?"

"मी आणलं? काल रात्री तू उतरलास तेव्हा किती होतं?"

"वहीत लिहिलंय. वाचता येत असेल तर वाच."

अकरा महिन्यांनंतर दोघांमध्ये झालेला हा पहिला संवाद.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा तो थोरला, धाकटीचा तो धाकटा. प्रत्यक्षात धाकटा वयाने चार वर्षांनी मोठा होता, आणि त्यामुळे कोणी कोणाला अहो-जाहो करायचं हा प्रश्न लग्नापासूनच लोंबकळत पडला होता. अकरा महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या शिडीवरून तो कायमचा सुटला. ती शिडी कोणी नेली, कोणी परत केली नाही आणि कोणाच्या माळ्यावर ती सापडली, या तपशिलात शिरण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना अहोही म्हणेनात आणि अरेही. एकाच बोटीवर, एकाच इंजिनावर, एक सकाळपाळीला आणि एक दुपारपाळीला, असे ते फक्त वहीतून बोलत. 'पाळी ताब्यात घेताना फरशी तेलकट आढळली.' 'फरशी आपल्याच तेलाने तेलकट होती.' खाली वळणदार सही.

बोट या काठावरून त्या काठावर बावीस मिनिटांत जायची. वर गाड्या, सायकली, माणसं. खाली सहा सिलिंडरचं हिरवं इंजिन. ते थंड राहायचं ते पाण्यामुळे. तळातल्या व्हॉल्व्हमधून समुद्राचं खारं पाणी आत येतं, गाळणीतून आणि पंपातून कूलरमध्ये जातं, इंजिनात फिरणाऱ्या गोड्या पाण्याची धग उचलतं आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर पडतं. खारं आणि गोडं पाणी एकमेकांना खेटून वाहतात, मध्ये धातूची पातळ भिंत असते, आणि ती जन्मात एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांना हे काम शिकवणारे वस्ताद म्हणायचे, "साडू-साडूंसारखं." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. वस्ताद आता निवृत्त होऊन मुलीकडे राहत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

तापमानाचा काटा ब्याऐंशीवर हवा. पंचाण्णवला घंटा वाजते. बोट गोदीत नेऊन महिनाभर दुरुस्त करून आणली, त्यानंतर पहिला आठवडा काटा ब्याऐंशीवर शहाण्यासारखा बसला होता. दुसऱ्या आठवड्यात तो चढायला लागला. आणि नेमकं याच आठवड्यात बोटखात्याच्या साहेबांनी कळवलं की नव्या वेळापत्रकात इंजिनावर एकच माणूस पुरे. दुसरा धक्क्यावरच्या दोरखंडाच्या गोदामात जाईल. शुक्रवारी आपण स्वतः येऊ आणि ठरवू. ज्याच्या हातात इंजिन थंड, त्याचं इंजिन.

थोरल्याने हे तीनदा वाचलं होतं. एकोणीस वर्षं तो त्या खोलीत होता. जमिनीवर त्याला भोवळ येई. घरी शांततेत झोप लागेना म्हणून तो उशाशी पंखा सर्वांत वरच्या वेगावर लावून झोपे. बायको स्वेटर घालून. गोदामात काय होतं? दोरखंड. दोरखंडाचा आवाज येत नाही, तो गरम होत नाही, त्याचं काही बिघडत नाही. असल्या वस्तूपाशी माणसाने दिवसभर करायचं काय? तिथे जाण्यापेक्षा त्याच दोरखंडाचा वेगळा उपयोग करावा, असंही त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. पण मग त्याला वाटलं, मरायचंच तर धाकट्याने मरावं.

धाकट्याचं मतही साधारण हेच होतं. फक्त नावं उलटी.

*

बुधवारी सकाळी थोरला पाळीवर आला तो मनगटाला फडकं बांधून. खाली उतरल्यावर त्याने फरशीची एक पत्र्याची लादी उचलली, पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि अंधारातलं व्हॉल्व्हचं चाक चाचपडून अर्धा फेरा मागे घेतलं. हा वस्तादांचा नियम होता: व्हॉल्व्ह पुरता उघडावा आणि अर्धा फेरा मागे घ्यावा. पुरता ताणून ठेवला तर खाऱ्या पाण्याने तो तिथेच जाम होतो. धाकटा आळशी, तो पुरता उघडाच ठेवत असणार याबद्दल थोरल्याला शंका नव्हती. एकदा त्याने स्वतः पकडलंही होतं, सहा वर्षांपूर्वी.

मग त्याने पंपाचा पट्टा तपासला, ताण बरोबर होता. गाळणीची झाकणं उघडली. दोन गाळण्या जोडीने होत्या, एकीतून पाणी चालू ठेवून दुसरी साफ करता येई. शेवाळाचं एक बोटभर पान निघालं. गोड्या पाण्याची टाकी भरलेली होती. तरी पहिल्याच फेरीत काटा चौऱ्याण्णव. कुशीतल्या भोकातून पाण्याची धार पडत होती, पण म्हाताऱ्यासारखी, थांबून थांबून.

"काय रे, आज चुलीवर बसवलंयस का मला?" वरून बोलनळीतून कप्तानबाईंचा आवाज आला. कप्तानबाई ठेंगण्या, रुंद आणि बोटीवरच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजाच्या. "पायाखालचा पत्रा तापलाय."

"बघतोय, बाई."

"मी आल्यापासून नऊ वर्षं बघतोयस. करतोस कधी?"

उरला थर्मोस्टॅट. तो गोड्या पाण्याची वाट उघडणारा छोटा पितळी दरवाजा. गरम झाला की उघडतो, नाही उघडला की इंजिन तापतं. धाकट्याने त्यात काहीतरी केलं असणार. पाळी संपताना थोरल्याने तो काढला, झाकण पुन्हा बसवलं, आणि थर्मोस्टॅट खिशात घालून मागच्या शिडीने घरी गेला. वहीत त्याने काही लिहिलं नाही. शत्रूला सगळंच सांगायचं नसतं.

चार वाजता त्याच्या स्वयंपाकघरात थर्मोस्टॅट पातेल्यात उकळत होता. थोरला त्यात तापमापक धरून उभा होता.

"अहो, ते दुधाचं पातेलं आहे," बायको म्हणाली.

"पंच्याहत्तर... शहात्तर... बघ, उघडतोय. चांगला आहे गं."

"चांगलाच होता. तुमच्या डोक्यात काय उकळतंय ते बघा आधी."

तेवढ्यात दार उघडलं, म्हणजे कडीसकट आत आलं. दारात धाकटा, बोट धक्क्याला थांबवून आलेला. एक खांदा खाली, चेहरा काळा.

"चोर!" तो म्हणाला. "इंजिनातनं थर्मोस्टॅट चोरतोस?"

"भाऊजी, चपला बाहेर काढा," थोरल्याची बायको म्हणाली.

धाकट्याने चपला काढल्या. मग थोरल्याची मानगूट धरून त्याचं तोंड कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा. दार उघडलं. दुसऱ्यांदा आपटायला दार राहिलं नाही, म्हणून त्याने डबे असलेल्या फळीवर आपटलं. थोरल्याचा समोरचा दात ओठातून बाहेर आला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. त्याने मागे लाथ झाडली, ती धाकट्याच्या गुडघ्याला बसली. दोघे ओट्यावर कलंडले, पातेलं हललं आणि त्यातलं उकळतं पाणी सांडून शेगडी फस्सकन विझली.

थोरल्याच्या बायकोने गॅसचं बटण बंद केलं. मग सांडशी घेतली, धाकट्याचा कान तिच्यात धरला आणि गरम पातेलं उतरवताना पिळावी तशी पिळली.

"ताई! ताई, कान!"

"सोडा त्यांना. मग कान."

"आधी त्याला सांग! हा मला गोदामात पाठवायला निघालाय!"

"मी?" थोरला रक्त थुंकत म्हणाला. "मी का तू? पहिला आठवडा इंजिन चांगलं होतं. मग तू हात लावलास!"

"मी हात लावला म्हणून पहिला आठवडा चांगलं होतं!"

कानाची पाळी फाटली तेव्हा धाकट्याने मानगूट सोडली. त्याने ओल्या थर्मोस्टॅटवर झडप घातली, खिशात कोंबला, चटका बसल्यावर खिशातून काढला, दुसऱ्या खिशात घातला, आणि चपला घालून गेला. जिन्यात त्याची बायको उभी होती. तिने नवऱ्याचा कान पाहिला आणि वर पाहून ओरडली, "तायडे, हे तू केलंस?"

"मीच! ये वर, तुझाही बघते!"

ती वर आली नाही. तिने खालूनच थोरल्याच्या दाराबाहेरची कुंडी उचलून दारावर मारली. बहिणी होत्या म्हणून तेवढ्यावर भागलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी थोरल्याच्या ओठाला तीन टाके घातले. "कशाने झालं?" त्यांनी विचारलं. थोरल्याला खरं बोलायची सवय होती. "फळीने," तो म्हणाला.

*

गुरुवारचं थोडक्यात सांगायचं तर असं: सकाळी थोरल्याने चाक अर्धा फेरा मागे घेतलं, दिवसभर काटा शहाण्णववर राहिला आणि घंटा वाजत राहिली. घंटेवर त्याने चिंधी बांधली. दोन वाजता तो शिडीने वर चढत असताना धाकट्याने शिडीच्या तोंडावरचं लोखंडी झाकण सोडलं. थोरल्याची डाव्या हाताची दोन बोटं चौकटीत होती.

थोरला ओरडला तो आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला. बोटं चपटी झाली होती, नखं काळी, एक बोट तर मधूनच वाकडं. तो तसाच वर आला आणि धाकट्याच्या फाटक्या कानावर मुठीने मारायला लागला. त्याने दुसरीकडे कुठे मारलंच नाही. धाकट्याने त्याला कठड्यापाशी रेटत नेलं आणि पोटावर वाकवून अर्धा पाण्याकडे लोंबवला. प्रवासी गोल करून उभे होते. एका गृहस्थांनी सायकल बाजूला घेतली, रक्त उडत होतं म्हणून.

"बाजूला व्हा," कप्तानबाई म्हणाल्या आणि त्यांनी आगीचा नळ सोडला.

पाण्याच्या त्या झोताने दोघे डेकवरून गाड्यांखाली लोळत गेले. कप्तानबाई नळ धरून मागोमाग गेल्या. "अजून हवंय? गार व्हा! इंजिनाला नाही तर नाही, तुम्हाला तरी पाणी मिळू दे! घोडे झालेत दोघे, घोडे!"

"बाई, त्याने माझी बोटं—"

"आणि उद्या साहेब येणार. त्यांच्यासमोर एकाने जरी दुसऱ्याला हात लावला, तर मी स्वतः त्याला नांगराला बांधून टाकीन. आज तिकिटं कोण फाडतोय? ए तिकीटवाल्या! या दोघांमध्ये उभा राहा."

तिकीटवाला चष्मा लावणारा, किरकोळ माणूस होता. तो दोघांमध्ये उभा राहिला. दोघांनी त्याच्या डोक्यावरून एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की दोघांची सासू एकच आहे, तेव्हा तेवढी वगळली.

*

शुक्रवारी साहेब आले. पांढरा सदरा, खिशात तीन पेनं. त्यांनी दोघांनाही एकाच वेळी खाली बोलावलं होतं. खोलीत तीन माणसं, एक इंजिन आणि त्या आठवड्याचा सगळा द्वेष, एवढं सामान मावत नव्हतं. थोरल्याच्या हातावर पट्टी, ओठावर टाके. धाकट्याचा हात गळ्यात अडकवलेला, कानावर कापूस.

"अपघात?" साहेबांनी विचारलं.

"हो," दोघे म्हणाले. अकरा महिन्यांत एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

बोट निघाली. ब्याऐंशी. नव्वद. अर्ध्या वाटेवर अठ्ठ्याण्णव झाले. साहेबांनी एक पेन काढलं.

"ही सकाळची पाळी, साहेब," धाकटा गोड आवाजात म्हणाला. "म्हणजे यांची."

"याने टाकीतलं पाणी काढलंय, साहेब. काल."

"टाकी? टाकी भरलेली आहे. दाखवतो." धाकटा टाकीच्या झाकणापाशी गेला.

थोरल्याने ते पाहिलं. त्याला माहीत होतं, धाकट्यालाही माहीत होतं, वस्तादांनी दोघांना पहिल्याच दिवशी कानफटात मारून शिकवलं होतं की तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं. आत पाणी दाबून बसलेलं असतं. "उघडू नको" असं म्हणायला थोरल्याला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ त्याच्याजवळ होता. तो वेळ त्याने गप्प राहण्यात घालवला.

झाकण छताला लागलं. मागोमाग पाणी आलं, वाफेत गुंडाळलेलं, पांढरं, आणि धाकट्याच्या मानेवर, छातीवर, हनुवटीखाली बसलं. तो ओरडलाच नाही, आधी. त्याने गळ्यातला हात सोडवून दोन्ही हातांनी सदरा धरला आणि ओढला. सदऱ्याबरोबर गळ्याखालची कातडीही दुधावरच्या सायीसारखी निघून आली. मग तो ओरडला. साहेबही ओरडले, त्यांच्या मनगटावर चार थेंब आले होते.

इंजिन बंद झालं. वर नांगर पडल्याचा आवाज आला. कप्तानबाई शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आल्या, मागून तिकीटवाला बादल्या घेऊन. त्यांनी धाकट्याला फरशीवर निजवलं आणि त्याच्यावर बादलीमागून बादली ओतायला लागल्या. धाकट्याचे दात वाजत होते.

"तू काय बघतोस?" त्या थोरल्याला म्हणाल्या. "वर साठ माणसं आहेत. प्रवाह आपल्याला खडकाकडे नेतोय, नांगर किती वेळ धरेल देव जाणे. पंप उघड. आत काय अडकलंय ते काढ."

पंप उघडायचा तर आधी व्हॉल्व्ह बंद करायला हवा, नाहीतर समुद्र आत येतो. थोरला पालथा पडला, लादीखाली हात घातला आणि चाक बंद करायला लागला. गोदीने नवा व्हॉल्व्ह बसवला होता, तेरा फेऱ्यांचा. जुन्याचा दांडा उघडल्यावर वर यायचा, बघून कळायचं. याचा दांडा आतल्या आतच राहायचा. चाक फेऱ्याफेऱ्याला कुरकुरत होतं.

एक फेरा. आणि थोडंसं. मग चाक अडलं.

त्याने जोर लावला. अडलेलंच. व्हॉल्व्ह बंद होता. म्हणजे त्याने हात घातला तेव्हाच तो बंद व्हायला एवढासाच बाकी होता.

थोरल्याचा गाल फरशीवर टेकलेला होता. रोज सकाळी अर्धा फेरा मागे. रोज दुपारी—त्या आळशाने जर—रोज दुपारी अर्धा. दिवसाला एक. बारा दिवस.

हे त्याला कळायला चहा कपात ओतायला लागतो तेवढाच वेळ लागला. पुढचं कळायला त्याहून कमी. आता जर त्याने तोंड बंद ठेवून चाक उघडलं, पुरतं, तर इंजिन थंड होणार. साहेबांसमोर. त्याच्या हातून. आणि धाकटा तर भाजून पडलेलाच आहे, गोदामात बसायला गळ्याची कातडी लागत नाही. पंप उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

"सापडलं, साहेब," तो फरशीखालून म्हणाला. "कचरा होता. काढतोय."

त्याने चाक उघडायला सुरुवात केली. कुर्र. कुर्र. कुर्र.  वर धाकट्याचे दात वाजत होते, आणि मग तेही थांबले.

"नऊ," धाकटा म्हणाला.

कुर्र.

"दहा."

थोरल्याचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"तेरा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटलेल्या पट्ट्यासारखा येत होता. "साहेब, कचरा नव्हता. बंद करायला एकच फेरा लागला, उघडायला तेरा. व्हॉल्व्ह बंद होता. याने बंद केला."

"मी फक्त अर्धा फेरा मागे घेत होतो!" थोरला उठून बसला. "रोज! तू पुरता उघडा ठेवतोस म्हणून!"

"मी? मी कधीच पुरता उघडा ठेवत नाही. मी रोज अर्धा मागे घेतो. तू पुरता उघडा ठेवतोस म्हणून!"

खोलीत पाणी टपकत होतं. कप्तानबाईंच्या हातात रिकामी बादली होती.  बारा दिवस दोघांनी मिळून, एकमेकांवरच्या पूर्ण अविश्वासाने, एक व्हॉल्व्ह अत्यंत नियमितपणे बंद करत आणला होता. एखाद्या गोष्टीत अशा वेळी डोळे भरून येतात आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात. दोघांचे हात एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले, एवढं खरं.

"पहिला अर्धा फेरा नियमाप्रमाणे होता!" थोरला गळा आवळत ओरडला. "तो माझा! सोमवारी सकाळी मी होतो! बाकीचे चुकीचे!"

"रविवारी... चाचणीला... मी होतो! पहिला माझा! सगळी चूक तुझी!"

धाकट्याच्या गळ्यावर धरायला कातडी नव्हती, थोरल्याचा हात घसरत होता. म्हणून त्याने अंगठे आत रोवले. धाकट्याने त्याच्या मोडक्या बोटांवर बूट ठेवला आणि सगळं वजन दिलं. बोटं दुसऱ्यांदा मोडली, या वेळी आवाजासकट. थोरल्याने कपाळ मारलं. धाकट्याचं नाक बसलं. तिकीटवाला मध्ये पडला, तेव्हा कोणाचं तरी कोपर त्याच्या चष्म्यावर आलं आणि काच भुवईत घुसली. तरी दोघे एकमेकांना धरून इंजिनाभोवती लोळत होते आणि "पहिला माझा", "पहिला माझा" असं म्हणत होते. साहेब शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून बसले होते.

कप्तानबाईंनी आग विझवायचा लाल नळकांडं उचललं. त्यांनी छताची उंची नीट लक्षात घेतली, ते आडवं फिरवलं, आणि आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या गळ्याखालच्या हाडावर मारलं. दोन्ही हाडं मोडली. त्यात त्यांनी दुजाभाव केला नाही.

मग त्यांनी टाकी भरली, झाकण लावलं आणि इंजिन चालू केलं. बोट काठाला लागली तेव्हा काटा ब्याऐंशीवर होता.

*

साहेबांच्या अहवालात 'यंत्रसामग्रीची आवश्यकतेपेक्षा अधिक काळजी घेतली गेल्याने' असे शब्द आहेत. दोघांना साडेतीन महिन्यांनी कामावर येण्यास योग्य ठरवलं गेलं आणि दोघांनाही गोदाम मिळालं.

गोदामात एकच टेबल आहे. थोरला त्याच्या या बाजूला बसतो, धाकटा त्या बाजूला. धाकट्याच्या गळ्याची कातडी ताणलेली आहे, त्याला मान वळवता येत नाही, त्यामुळे तो दिवसभर समोर बघतो, आणि समोर थोरला असतो. थोरल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. मधूनमधून त्याला भोवळ येते. बाराच्या सुमारास बोट धक्क्याला लागते तेव्हा तिचा आवाज जमिनीतून वर येतो, आणि तेवढा वेळ तो तळपाय फरशीला घट्ट टेकवून बसतो. धाकटाही टेकवतो. पहिला अर्धा फेरा कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी त्यावरून दोरखंडाच्या गाठीने मारामारी होते, पण दोघांचाही खांदा वर जात नसल्यामुळे ती कमरेखालीच राहते.

बोटीचं इंजिन आता तिकीटवाला सांभाळतो. त्याला व्हॉल्व्हबद्दल कोणी काही शिकवलेलं नाही, त्यामुळे तो त्याला हात लावत नाही. तापमान एक्याऐंशी असतं.